व्हाइट रिम रोडवर सायकल नेताना
अमेरिकेच्या युटा राज्यातील कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला सुमारे १६० किलोमीटरचा व्हाइट रिम रोड सायकलने पार करायचा असेल, तर परवाना आधीच काढावा आणि वाटेत पिण्याचे पाणी मिळत नसल्याने ते सगळे सोबत न्यावे. टायर रुंद, ट्यूबलेस आणि थोड्या कमी हवेचे ठेवावेत. माझ्या मते तयारीतला हाच कळीचा निर्णय आहे, कारण भुसभुशीत वाळूत अरुंद चाक रुतते. पाऊस आला तर थांबावे, कारण भिजलेली चिकणमाती चाक आणि फ्रेम यांच्या फटीत गच्च बसून चाक फिरेनासे होते. रस्त्याकडेच्या काळपट, खडबडीत मातीवर पाऊल टाकू नये. तो सूक्ष्मजीवांचा जिवंत थर असून एकदा तुडवला गेला की भरून यायला अनेक वर्षे लागतात.