रॅकला हात लावला की झिणझिण्या यायच्या, तो प्रॉब्लेम असा सुटला

म्हापश्यातल्या एका ऑफिसमधे नेटवर्क रॅक आहे, म्हणजे नेटवर्कचं सामान ठेवायचा पत्र्याचा सांगाडा. त्यात दोन नेटवर्क स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे डबे), राउटर, खाली यूपीएस. रॅकच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, टेस्टरपण पेटायचा. सगळे म्हणत होते स्विच खराब झालाय, पण स्विच एकदम ठीक होता.

मीटर लावला तर लाइन-न्यूट्रल २३० व्होल्ट, आणि लाइन-अर्थ (अर्थ म्हणजे जमिनीला जोडलेली सेफ्टीची वायर) मधे धड काहीच येईना, म्हणजे सॉकेटला अर्थ पोचतच नव्हता. स्विच-राउटरच्या एसएमपीएसच्या (आतल्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधे लाइन आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला छोटे कपॅसिटर असतात, अर्थ तुटला की त्यामुळे बॉडीवर साधारण अर्धा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास दिसतो. करंट कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या, पण आत कुठे लाइन बॉडीला टेकली तर तोच पत्रा जीव घेईल, म्हणून हे चालवून घेऊ नका प्लीज.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं, मेन बंद करून बघितलं तर बोर्डातली हिरवी वायर गंजून सुटलेली. खाऱ्या हवेत हे होतंच. अर्थ पिट, म्हणजे अर्थची वायर जिथे जमिनीत पुरतात तो खड्डा, तोपण कोरडा, आपल्याकडे चिऱ्याची जमीन मे महिन्यात पार सुकते, तिथे पाणी घातलं. मग रॅकचा पेंट खरवडून, दातेरी वॉशर लावून जाड हिरवी वायर अर्थबारला (सगळ्या अर्थ वायरी जोडायच्या पट्टीला) जोडली, स्विचच्या मागच्या अर्थ स्क्रूलापण वेगळी. आधी अर्थ, मगच पॉवर कॉर्ड, काढताना उलटं. साधा एक्स्टेंशन बोर्ड काढून पीडीयू (रॅकमधे बसणारी सॉकेटची पट्टी) बसवला.

आता न्यूट्रल-अर्थ २ व्होल्टच्या आत येतो.