वर्कशीट विकणाऱ्या शिक्षकांनो, हंगामी पोस्ट टाकताना या चुका टाळा

27 फेब्रुवारीला सकाळी सात वाजता मराठी भाषा गौरव दिनाची सुंदर वर्कशीट इन्स्टाग्रामवर येते. लाइक पडतात, ‘मस्त मॅडम’ असं कुणीतरी लिहितं, दोन-तीन जणी स्टेटसला ठेवतात. ऑर्डर मात्र एकही येत नाही. ज्या बाई ती विकत घेणार होत्या, त्या तेव्हा मुलांना ओळीत उभं करून परिपाठ घेत असतात. त्यांचं फलकलेखन आदल्या संध्याकाळीच झालेलं असतं आणि कागद त्याच्याही आधी झेरॉक्स होऊन आलेले असतात.

फ्लॅशकार्ड, कृतिपत्रिका, वर्गसजावटीचे तक्ते, वर्णनात्मक नोंदींचे (मुलाच्या प्रगतीबद्दल शिक्षक लिहितात त्या) नमुने असं साहित्य घरी बसून तयार करणारे कितीतरी शिक्षक मुंबईत आहेत. त्यातलं बरंचसं वर्गात खरोखर उपयोगी पडणारं असतं. ते विकलं गेलं नाही की लोक डिझाइन बदलतात, किंमत उतरवतात. मला मात्र वाटतं, आधी तारीख तपासावी. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

दिवस उजाडल्यावर जागं होणं

एखादा दिनविशेष शाळेत कसा घडतो ते डोळ्यांसमोर आणा. मुख्याध्यापक मीटिंगमध्ये कामं वाटून देतात. बाई त्या रात्री स्वयंपाकपाणी आटपून मोबाइलवर कल्पना शोधतात. आवडलेलं काही सापडलं तर दोन मैत्रिणींना विचारतात. मग प्रिंट, मग कापाकापी, हवं असेल तर लॅमिनेशन, मग वर्गात सराव. म्हणजे खरेदीचा निर्णय दिवसाच्या दोन-अडीच आठवडे आधी होतो. तुमची पोस्ट त्या रात्री दिसली पाहिजे.

27 फेब्रुवारीचंच उदाहरण घेऊ. 8-10 तारखेच्या सुमारास पहिली झलक द्या. 14-15 ला आतली पानं उघडून दाखवा: कोणत्या इयत्तेसाठी, किती पानं, किती वेळाचा उपक्रम. 20 तारखेनंतर फक्त लगेच छापून वापरता येईल असं एखाद-दोन पानांचं साहित्य पुढे करा. कापून, लॅमिनेट करून लावायची कार्डं तेव्हा विकायला काढूच नका. घेतलेल्या बाईंची धावपळ होते आणि पुढच्या वेळी त्या तुमच्याकडे येत नाहीत. 27 ला शुभेच्छा द्या, विक्रीचा शब्द काढू नका.

दुसऱ्याच दिवशी, 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. 1928 साली त्या तारखेला रामन परिणामाचा शोध लागला. प्राथमिकला वर्ग एकाच बाईंकडे असतो, म्हणून दोन्ही दिवसांचं ओझं त्यांच्यावरच पडतं. दोन्हींचा मिळून एक संच द्या आणि एकाच पोस्टमध्ये सांगा. 3 जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती आणि 12 जानेवारीची जिजाऊ जयंती यांचंही असंच आहे. फरक इतकाच की त्यांच्या आधी डिसेंबरात स्नेहसंमेलन, सहल आणि काही शाळांत नाताळची सुट्टी असते, त्यामुळे हे साहित्य 15-20 डिसेंबरच्या आत नजरेत भरायला हवं.

आणखी एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. वर्गासाठीचा हा खर्च बहुतेक बाई स्वतःच्या खिशातून करतात. महिनाअखेरीला साठ रुपयांची पीडीएफही ‘नंतर बघू’ होते. मोठा संच काढायचा असेल तर पगार झाल्यानंतरचा आठवडा पकडा.

गेल्या वर्षीच्या तारखा तशाच ठेवणं

ठरलेल्या तारखांचे दिवस सोपे: 15 ऑगस्ट, 5 सप्टेंबरचा शिक्षक दिन, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 26 नोव्हेंबरचा संविधान दिन, 22 डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन. सण मात्र पंचांगाने चालतात, आणि अधिक मास आला की अख्खं वेळापत्रक सरकतं. 2025 मध्ये आषाढी एकादशी 6 जुलैला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 25 जुलैला. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टवरून 14 सप्टेंबरवर, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरवरून 8 नोव्हेंबरवर.

आता याचा शाळेवर परिणाम बघा. 2025 मध्ये शिक्षक दिन गणेशोत्सवाच्या ऐन मध्यात, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आला. 2026 मध्ये तो गणपतीच्या नऊ दिवस आधी आहे. म्हणजे शिक्षक दिनाची भेटकार्डं, त्या दिवशी शिक्षक होणाऱ्या मुलांसाठीचे बिल्ले यांना नीट वेळ मिळतो, पण त्याच पंधरवड्यात गणपतीचं साहित्यही दाखवावं लागतं. हिंदी दिन, 14 सप्टेंबर, थेट गणेश चतुर्थीलाच. तो कार्यक्रम शाळा आधी तरी घेतील नाहीतर सुट्टीनंतर. 14 नोव्हेंबरचा बालदिन भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी, तेव्हा बहुतेक शाळांना दिवाळीची सुट्टी असेल. गेल्या वर्षीची बालदिनाची पोस्ट पुन्हा त्याच तारखेला लावून ठेवली, तर ती रिकाम्या शाळेसाठी असेल. दिवाळी पुढे गेली की प्रथम सत्राची परीक्षा, आकारिक (सत्रभराच्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाची कागदपत्रं आणि वर्णनात्मक नोंदीही पुढे जातात. नोंदींचे नमुने विकणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं, कारण ती मागणी सत्राच्या शेवटच्या दहा दिवसांतच असते.

मुंबईत गणपतीचं आणखी एक आहे. अर्धा स्टाफ कोकणात असतो. गाडीत, घाटात, वाडीत नेटवर्क जेमतेम. गणपती बसण्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांपासून गौरी विसर्जनापर्यंत काहीही नवीन विकायला काढू नका.

उपाय म्हणून भिंतीवरचं मराठी कॅलेंडर आणि शाळेची सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवून जूनमध्येच वर्षाचा कागद भरा. इन्स्टाग्रामचं प्रोफेशनल खातं असेल तर पोस्ट 75 दिवस आधीपर्यंत लावून ठेवता येतात. पण पावसाची सुट्टी जाहीर झाली किंवा परीक्षा पुढे गेली तर लावलेली पोस्ट काढायची आठवण ठेवावी लागते. निवडणुकीचं काम, बीएलओची (मतदार यादीच्या कामाची) ड्युटी, जनगणना हे शिक्षकांच्या मानगुटीवर कधी बसेल ते सांगता येत नाही. तसं झालं की दोन आठवडे शांत राहणं हाच शहाणपणा.

परदेशी दुकानाची नक्कल

टीचर्स पे टीचर्स ही 2006 साली न्यूयॉर्कच्या एका शिक्षकाने सुरू केलेली साइट. तिच्यावरच्या विक्रेत्यांचे मार्गदर्शक व्हिडिओ बघून आपल्याकडे ऑगस्टमध्ये ‘शाळा सुरू’चे संच, ऑक्टोबरमध्ये हॅलोविनच्या सणाचे भोपळे आणि डिसेंबरमध्ये बर्फ येतो. तिथलं वर्ष तसं चालतं, म्हणून त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे ऑगस्टमध्ये पहिली घटक चाचणी दारात असते.

मुंबईत राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. तुमचे फॉलोअर नागपूरपर्यंत पसरलेले असतील तर ‘वर्गसजावट’ हा एकच विषय मार्चमध्ये, मेअखेर आणि जूनच्या मध्याला असा तीनदा दाखवावा लागेल. मजकूर तोच चालतो, फक्त पहिल्या ओळीत कुणासाठी ते लिहा.

‘पाठवलं होतं’, पण पोचलंच नाही

अडचण: व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत) दोनशे नावं आहेत, प्रतिसाद पाच जणांचा. कारण साधं आहे. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे. एका यादीत 256 पेक्षा जास्त नावंही बसत नाहीत. म्हणून पैसे मिळाल्यावर फाइल पाठवताना दोन ओळी सोबत जाऊ द्या: ‘ताई, माझा नंबर सेव्ह करून ठेवा, म्हणजे पुढचे मोफत नमुने तुम्हाला मिळतील.’ आणि खरोखर मोफत नमुने पाठवा.

शाळेच्या ग्रुपवर जाहिरात टाकणं मात्र टाळा. तिथे मुख्याध्यापकांच्या सूचना येतात. तुमची वर्कशीट त्यांच्यामध्ये आली की सहकाऱ्यांनाही अवघडल्यासारखं होतं.

इन्स्टाग्रामच्या मजकुरात लिंक चिकटवली तर ती दाबून उघडत नाही. ती बायोमध्ये, म्हणजे खात्यावरच्या परिचयात, ठेवा आणि हंगाम बदलला की बदला. दिवाळीच्या पोस्टवरून लिंकवर गेलेल्या बाईंना जूनचं प्रवेशोत्सवाचं (नव्या मुलांच्या स्वागताचं) पान उघडलेलं दिसलं तर त्या परत शोधायला येणार नाहीत.

व्हिडिओ करत असाल तर इयत्ता, विषय, पानं आणि किंमत पडद्यावर मोठ्या अक्षरांत हवीच. संध्याकाळच्या लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून, आवाज बंद ठेवूनच तो बघितला जातो.

पोस्टमध्ये रंगीत, वर्गात काळं

हे सगळ्यात जास्त नुकसान करतं. मोबाइलवर निळ्या-जांभळ्या पार्श्वभूमीचं पान खुलून दिसतं. बाई ते शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेतात आणि चाळीस प्रती काळ्या-पांढऱ्या काढतात. निळा भाग गडद राखाडी होऊन बाहेर येतो, त्यावरची ठिपक्यांची अक्षरं गिरवायला दिसत नाहीत, मुलाची पेन्सिल उमटत नाही. फळाच्या पोटात रंग भरायचा असतो, ते फळ आधीच काळं झालेलं असतं. बाई तुम्हाला काही बोलत नाहीत. पुढच्या सणाला दुसऱ्या कुणाकडून घेतात.

म्हणून विकण्याआधी स्वतः एक काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा, आणि पोस्टमध्ये त्याच झेरॉक्सचा फोटो टाका, शेजारी मुलाने सोडवलेलं पान. हा फोटो कुठल्याही सजवलेल्या चित्रापेक्षा जास्त विश्वास देतो. फाइल ए-फोर आकारात, पीडीएफमध्ये, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि बारीक अक्षर फुटतं. वर्डची फाइल तर देऊच नका. झेरॉक्सवाल्याच्या संगणकात तो फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं सुटी होतात आणि ‘श्रावण’ वाचता येत नाही.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट: मजकूर जुन्या, युनिकोड (कुठल्याही फोनवर देवनागरीच दिसणारं टायपिंग) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून पोस्टमध्ये चिकटवला तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पोस्ट, फाइलचं नाव, हॅशटॅग, सगळं युनिकोड देवनागरीत असू द्या. ‘इयत्ता दुसरी गणित वजाबाकी’ असं शोधणाऱ्याला तुम्ही सापडायला हवं.

घाईत ओलांडल्या जाणाऱ्या रेषा

सणाच्या तोंडावर पानं कमी पडली की बालभारतीच्या पुस्तकातलं चित्र स्कॅन करून घालायचा मोह होतो. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन मोफत वाचायला मिळतात, पण त्यांचे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहेत. तीच पानं विकता येत नाहीत. लोकप्रिय कार्टूनची पात्रंही नकोत. धड्यावर स्वतःचे प्रश्न आणि स्वतःचं चित्र तयार करा. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तक बदललं नाही ना, तेही पाहा. नव्या अभ्यासक्रमामुळे पाठांचा क्रमच बदलू शकतो.

दिंडीत विठ्ठल-रखुमाई झालेल्या मुलांचे फोटो फार गोड असतात आणि जाहिरातीत सर्रास वापरले जातात. ते वापरू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याचं मूल आपल्या विक्रीसाठी दाखवणं योग्य नव्हतंच. हात, वही, रंगवलेली पताका यांचा फोटो पुरतो.

पालिका, शासकीय किंवा अनुदानित शाळेत नोकरी असेल तर स्वतंत्र व्यवसायावर सेवानियमांची बंधनं असतात. पहिली पोस्ट टाकण्याआधी शाळेला लेखी विचारा.

जूनची तयारी जूनमध्ये

वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम शाळा उघडतानाचा. नावाच्या पट्ट्या, वेळापत्रकाचे तक्ते, वाढदिवसाचा तक्ता, प्रवेशोत्सवाचे मुकुट, पहिल्या आठवड्याचे ओळखीचे खेळ हे सगळं मेच्या शेवटच्या आठवड्यात दाखवायला हवं. तेव्हा बाई गावी असतात, घरात पाहुणे असतात, पण दुपारी थोडा निवांत वेळ मिळतो आणि डोक्यात नवीन वर्ग घोळायला लागलेला असतो. जड फाइल गावच्या नेटवर्कवर उतरत नाही. आधी एक हलकं नमुना पान द्या आणि पूर्ण संच मुंबईत आल्यावर पुन्हा पाठवायची तयारी ठेवा. पावसात भिजलेल्या भिंतींवर साधा कागद टिकत नाही, म्हणून लॅमिनेशनसाठी कडेला मोकळी जागा सोडली आहे का तेही याच वेळी बघून घ्या.

शाळा उघडते त्या आठवड्यात नवीन संच काढू नका. ‘फाइल उघडत नाही’, ‘पासवर्ड काय होता’, ‘दुसऱ्या नंबरवर पाठवाल का’ हे मेसेज तेव्हाच येतात, आणि त्यांना त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे.