घरगुती वीजजोडणीची योग्य निवड आणि बिलातील बचत : कोल्हापूरकरांसाठी मार्गदर्शन

मुंबईच्या काही भागांत ग्राहकाला अदानी आणि टाटा यांपैकी एका कंपनीची वीज निवडता येते. कोल्हापुरात मात्र घरगुती वीज महावितरणच पुरवते आणि तिचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे येथे ग्राहकाने काही निवडण्यासारखे उरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो मला मान्य नाही, कारण आपली जोडणी कोणत्या प्रकारात नोंदलेली आहे, ती सिंगल फेज (एका तारेतून पुरवठा, सामान्य घरासाठी) आहे की थ्री फेज (तीन तारांतून पुरवठा, मोठ्या भारासाठी), दिवसाच्या कोणत्या वेळी आपण वीज वापरतो आणि छतावर सौर पॅनेल बसवायचे की नाही, हे सर्व बऱ्याच अंशी आपल्याच हातात असते.

सुरुवात मागील बारा महिन्यांच्या बिलांपासून करावी. एका महिन्याच्या बिलावरून निर्णय घेऊ नये, कारण एप्रिल-मे महिन्यांतील पंख्यांचा आणि थंडीतील गिझरचा वापर यांत पुष्कळ फरक असतो. प्रत्येक महिन्याचे युनिट, मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट वीज वापरण्याची परवानगी आहे तो आकडा) आणि ‘दर संकेत’ (जोडणी कोणत्या प्रकारात नोंदलेली आहे ते दाखवणारी बिलावरील नोंद) या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. एखाद्या महिन्यात रीडिंग न होता सरासरीने आकारणी झालेली असेल, तर तेथे खूण करावी. तो आकडा हिशेबात धरता येत नाही.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात : पहिली १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. वापर १०० युनिटच्या वर गेला की संपूर्ण बिल महाग दराने लागते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पहिल्या १०० युनिटना पहिल्याच टप्प्याचा दर लागतो आणि केवळ वरच्या युनिटना पुढचा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात या चार टप्प्यांचा वीज आकार प्रतियुनिट अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये होता, त्यावर प्रतियुनिट १.१७ रुपये वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा खर्च) आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क होते. त्यानंतर दर बदलले आहेत, म्हणून आजचा दर स्वतःच्या बिलावर पाहावा. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. या आकड्यांनुसार वाचवलेले एक युनिट पहिल्या टप्प्यात सुमारे ६ रुपये ८२ पैशांचे, दुसऱ्यात १३ रुपये २९ पैशांचे आणि तिसऱ्यात १८ रुपये २४ पैशांचे ठरते. म्हणजेच दरमहा २४० युनिट वापरणाऱ्या घराने कोणताही निर्णय घेताना बिलाच्या सरासरी दराकडे न पाहता शेवटच्या १४० युनिटचा दर पाहिला पाहिजे, कारण बचत नेहमी वरच्या टोकाकडून होते. दोन किलोवॅटचा गिझर दिवसातून अर्धा तास कमी चालवला, तर महिन्याला ३० युनिट, म्हणजे या घरात जवळपास ४०० रुपये वाचतात.

दुसरी तपासणी फेजची. थ्री फेज जोडणीचा स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारी ठरावीक रक्कम) सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक असतो आणि घर बंद असले तरी तो भरावाच लागतो. पेठांमधील जुन्या घरांत कधीकाळी पिठाच्या गिरणीसाठी किंवा विहिरीवरील मोटरीसाठी घेतलेली थ्री फेज जोडणी तशीच चालू असल्याचे मी पाहिले आहे. आता त्या घरात दिवे, पंखे, फ्रीज, एक गिझर आणि घरघंटी एवढेच असेल, तर परवानाधारक वायरमनकडून एकूण भार मोजून घ्यावा आणि सिंगल फेजसाठी अर्ज करावा. वीज शुल्कासह वर्षाला साडेतीन हजार रुपयांहून अधिक वाचू शकतात. मात्र एकाहून अधिक एसी असतील किंवा विजेवरची चारचाकी घेण्याचा विचार असेल, तर घाई करू नये.

तिसरी गोष्ट घरातून व्यवसाय करणाऱ्यांची. हुपरीत घरोघरी चांदीचे काम चालते, कोल्हापुरात शिवणकाम, चपलांचे काम आणि शिकवण्या चालतात. राहत्या घराच्या एका भागात असे काम होत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट व मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दर लागू राहतो, अशी तरतूद आयोगाच्या दर आदेशात आहे. त्यामुळे शिलाई यंत्रासाठी वेगळा व्यावसायिक मीटर घेण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा. याउलट, घरात स्वतंत्र स्वयंपाकघर असलेले भाडेकरू कुटुंब एकाच मीटरवर असेल, तर दोन्ही घरांचा वापर एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातो. तेथे स्वतंत्र वायरिंग करून रीतसर दुसरी जोडणी घेणे योग्य. केवळ टप्प्याचा लाभ मिळावा म्हणून एकाच कुटुंबाची कागदोपत्री विभागणी करू नये.

स्मार्ट मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा मीटर) बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत सुरू झाली असून ती पुढील वर्षांत टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत जाणार आहे. नळाचे पाणी पहाटे येत असले, तरी हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवणे, कपडे धुणे, इस्त्री आणि घरघंटी ही कामे नऊनंतर करता येतात. तरीही ६० युनिट या वेळेत वळवल्यास महिन्याला पन्नास-पंचावन्न रुपयेच वाचतात, म्हणून त्यासाठी घरच्या बाईने दुपारची विश्रांती सोडावी, असे मी कोणालाही सांगणार नाही.

सौर पॅनेलचा निर्णय वरच्या हिशेबावरच घ्यावा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,०००, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. एका किलोवॅटपासून दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट धरावीत. २४० युनिटच्या घरात पहिला किलोवॅट महाग युनिटची जागा घेतो आणि सुमारे १,६०० रुपये वाचवतो. दुसरा किलोवॅट बहुतांशी स्वस्त युनिटची जागा घेत असल्याने साडेनऊशे रुपयांच्या आसपासच वाचवतो. कोल्हापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर निर्मिती बरीच घटते, पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरून महावितरणला दिलेली युनिट आपल्या वापरातून वजा करण्याच्या पद्धतीत, शिल्लक युनिट ३१ मार्चपर्यंत पुढे ओढली जात असल्याने एप्रिल-मे महिन्यांतील शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते. मार्चअखेर उरलेल्या युनिटना मात्र कमी दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच सुचवणाऱ्या विक्रेत्याकडे बारा महिन्यांचा लेखी हिशेब मागावा. ज्यांचा वापर १०० युनिटच्या आत आहे, त्यांनी कर्ज काढून संच बसवण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

किरकोळ सवलतीही सोडू नयेत. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरल्यास १ टक्का, ऑनलाइन भरल्यास पाव टक्का आणि छापील बिलाऐवजी ई-बिल घेतल्यास प्रतिबिल १० रुपये कमी होतात. मुदत चुकल्यास उलट सव्वा टक्का अधिक द्यावा लागतो.

फेज, भार किंवा प्रकार बदलण्याचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा आपल्या उपविभागीय कार्यालयात करता येतो. अर्जाची पोच जपून ठेवावी, पुढील दोन बिलांवर दर संकेत आणि स्थिर आकार प्रत्यक्ष बदलला आहे का ते पाहावे, आणि बदलला नसल्यास १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. त्यानेही काम न झाल्यास कोल्हापूर परिमंडळाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे त्याच पोचीसह लेखी अर्ज करता येतो.