माळावरच्या कुत्र्यांना रेबीजची लस द्यायला निघण्याआधी

लांडग्या-कोल्ह्यांनाच लस का देत नाही, हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून तो आधी उरकते. युरोपात देतात. स्वित्झर्लंडमध्ये 1978 साली कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती जंगलात टाकली, खोकडांनी खाल्ली, आणि 1999 मध्ये तो देश रेबीजमुक्त जाहीर झाला. पण तिकडे रोग मुरला होता खोकडांत. आपल्याकडे तो कुत्र्यांत मुरलाय. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्रा चावल्यानेच होतो, आणि गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की त्यावर रात्री कुत्री पण येतात आणि लांडगे-कोल्हे पण. म्हणून पुणे-सोलापूरकडच्या माळावर माणूस वाचवायचा असो की लांडगा, सुई कुत्र्यालाच टोचायची, आणि थोड्याथोडक्या नाही, किमान 70 टक्के कुत्र्यांना, तेही थोड्या दिवसांत. गोव्यात हे वर्षानुवर्षं नेटाने केलं म्हणून तिथे माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू जवळपास थांबले.

आता तयारी. सगळ्यात आधी रंग. लस टोचलेल्या कुत्र्यावर खूण करायचा रंग. मागच्या खेपेला तोच राहिला आणि सगळ्या कामाचा हिशोब गेला, म्हणून हे पहिल्या नंबरवर लिहितेय आणि पुढे परत परत लिहिणार आहे. मेंढ्यांवर खूण करायला मेंढपाळ वापरतात तसली रंगकांडी घ्या. स्प्रे नको, त्याच्या फुस्स आवाजाने कुत्रं बिथरतं आणि पकडणाऱ्याला चावतं. ऑइलपेंट अजिबात नको, कुत्रं अंग चाटतं. लाल नको, लांबून रक्त वाटतं आणि गावात बोंब होते की कुत्र्यांना मारलं. निळा किंवा हिरवा घ्या, काळ्या कुत्र्यासाठी एखादी फिकट कांडी वेगळी ठेवा. कपाळावर आणि मानेमागे ठसठशीत ओढा.

तारीख ठरवताना धनगरांना विचारा, कॅलेंडर बघून ठरवू नका. दिवाळीनंतर बरेच वाडे, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांचे तळ, कोकणाकडे निघतात आणि कुत्री त्यांच्याबरोबर जातात. लांडग्याशी सगळ्यात जास्त गाठ पडते ती याच कुत्र्यांची, आणि नेमकी तीच सुटली तर गावातली पन्नास टोचून काय उपयोग? वाडा कधी हलणार, कुठल्या माळावर बसलाय, हे म्हाताऱ्या माणसाला फोन करून विचारायचं, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून मोकळं व्हायचं नाही.

माणसांची लस. जो कुत्र्याला हात लावणार त्याने स्वतः आधी रेबीजची लस घेतलेली पाहिजे, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी, म्हणजे महिनाभर आधी सुरुवात. आदल्या दिवशी आलेल्या उत्साही पोराला रजिस्टर द्या, जाळी देऊ नका. कितीही ओळखीचा असला तरी नाही. आणि चावलंच तर साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं, हळद-मिरची काही लावायचं नाही, मग सरळ दवाखाना. कुठल्या सरकारी दवाखान्यात जखमेत द्यायचं सीरम शिल्लक आहे हे आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा, प्रत्येक ठिकाणी नसतं.

परवानग्या म्हणजे ग्रामपंचायत, पशुधन विकास अधिकारी, आणि वनजमिनीवर जाणार असाल तर वनखातं. टोचायला डॉक्टर हवाच. भोंग्यावरून आदल्या संध्याकाळी सांगायला लावा की पाळीव कुत्री सकाळी बांधून ठेवा.

लस 2 ते 8 डिग्रीत राहिली पाहिजे हे सगळ्यांना माहीत असतं, पण बाटली थेट बर्फाला टेकली तर गोठते आणि गोठलेली लस फेकायची, हे विसरलं जातं. मध्ये पुठ्ठा घाला, डब्यात थर्मामीटर ठेवा, डबा उन्हात जीपच्या टपावर नको. सुया, सिरिंज, जाळी, पट्टे, बिस्किटं, पाणी हे आलंच. दर कुत्र्याला नवी सुई. वापरलेल्या सुयांना जाड डबा, पिशवी नाही.

आणि रंगकांडी. ज्याच्या हातात सिरिंज त्याच्याच दुसऱ्या खिशात पाहिजे, गाडीत ठेवलेली कांडी असून नसल्यासारखी. टोचलं की ओढ, मगच सोड, हाच क्रम. रंग नसेल तर तेच गरीब कुत्रं तीनदा धरलं जातं आणि बुजरं एकदाही नाही, आणि रजिस्टरमधला आकडा मात्र छान दिसतो.

पिल्लं सोडू नका. "लहान आहे अजून" म्हणून लोक लपवतात, पण पोरं खेळतात पिल्लांशीच. तीन महिन्यांखालच्यांनाही टोचायचं, पुढचा डोस रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचा. जिथे धरलं तिथेच सोडायचं.

सकाळी लवकर सुरू करा, ऊन चढलं की कुत्री बांधाखाली घुसतात.

संध्याकाळी मोजणी. दमलेले असता, तरी करा. दोघांनी बाईकवरून गावाची आणि वाड्यांची एक फेरी मारायची, दिसतील ती कुत्री मोजायची, रंगाची वेगळी, बिनरंगाची वेगळी. 50 दिसली आणि 35 रंगाची असली की 70 टक्के. कमी भरली तर बिनरंगाची कुठे दिसली ते लिहा, खाटकाच्या दुकानामागे, पोल्ट्रीजवळ, वाड्यावर, आणि दुसऱ्या सकाळी फक्त तिथे जाळी घेऊन जा. रंग दोन-चार दिवसांत उडतो, पुढच्या रविवारी मोजू म्हणाल तर काही हाती लागणार नाही.

बाकी मालकाला कार्ड, सुयांचा डबा डॉक्टरकडे, रजिस्टरची झेरॉक्स पशुवैद्यकीय दवाखान्यात, आणि पुढच्या वर्षीची तारीख वाडा हलायच्या आत.