समुद्रफूल पांढरं पडलंय? आधी त्याला हात लावू नका

रीफ टँकमधलं (प्रवाळ-माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं) बबल टिप समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, आक्रसलं की लगेच घाबरू नये. दिवसातून एखाद्या वेळी ते पोटातली घाण बाहेर टाकायला आकसतं आणि काही तासांत पुन्हा फुलतं. काळजी करायची ती तोंड उघडं, सैल दिसू लागलं किंवा पाय दगडावरून सुटला तर.

रंग उडून पांढरं पडणं म्हणजे त्याच्या अंगातलं शेवाळ निघून गेलेलं असतं. हे शेवाळच प्रकाशातून त्याचं बरंचसं अन्न तयार करतं. म्हणून अशा वेळी लाइट एकदम वाढवू नका. मंद ठेवून काही आठवड्यांत हळूहळू चढवा. तोवर बारीक चिरलेली, मीठमसाला न लागलेली कोळंबी आठवड्यातून दोनदा, अगदी नखाएवढी द्या. मोठा तुकडा ते ओकून टाकतं आणि उलट थकतं.

पाणी तपासा: तापमान २५-२६ अंश, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास, अमोनिया शून्य. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने खारटपणा भराभर वाढतो, तेव्हा उडालेल्या पाण्याची भर रोज साध्या आरओ पाण्याने घाला, खाऱ्या नव्हे.

पॉवरहेडला (टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या पंपाला) जाळी किंवा स्पंज लावाच, कारण नाराज समुद्रफूल जागा शोधत फिरतं आणि पंख्यात सापडतं. समुद्रफुलात राहणारी क्लाउनफिश मासळी त्याला सतत घुसळत असेल तर तिला काही दिवस वेगळी ठेवा. अंग विरघळू लागून कुजका वास आला, तर मात्र ते तात्काळ बाहेर काढा आणि पाणी बदला, नाहीतर बाकीचे मासेही जातील.