ब्रॅम्ली सफरचंद घरी लावायचंय? आधी आसपासची झाडं मोजा

बी पेरून ब्रॅम्ली, म्हणजे शिजवून खायचं हे आंबट सफरचंद, येतं हे आधी डोक्यातून काढा. 1809 मध्ये इंग्लंडमधल्या साउथवेल गावात मेरी अॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने बिया लावल्या, त्यातून हे एक झाड निघालं आणि आजची सगळी ब्रॅम्ली त्याच झाडाच्या कलमांची कलमं आहेत. नाव मात्र लागलं पुढे ते घर विकत घेणाऱ्या मॅथ्यू ब्रॅम्लीचं, त्या पोरीचं नाव कुणी घेत नाही याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

तर कलमच आणा. झाड अंगाने दांडगं आहे म्हणून घरच्या बागेसाठी एम 26 किंवा फार तर एमएम 106 खुंटावरचं घ्या (खुंट म्हणजे कलम ज्यावर बांधतात तो मुळांचा भाग, झाड किती वाढणार ते त्यावर ठरतं), एम 25 वरचं घेतलंत तर शिडी लावूनही शेंड्यापर्यंत हात पोचणार नाही. नोव्हेंबर ते मार्च, जमीन गोठलेली नसताना लावा, कलमाचा जोड मातीच्या वरच ठेवा, काठीचा आधार द्या, झालं.

आता खरी गोम. "एकच झाड लावा, मधमाश्या बघून घेतील" असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. मी ऐकलं आणि पाच वर्षं घालवली. दर वसंतात झाड गुलाबी फुलांनी लगडायचं आणि फळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, मी आपला खत घालतोय, पाणी वाढवतोय, सगळं फुकट. ब्रॅम्ली ट्रिप्लॉइड आहे, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, त्यामुळे त्याचे परागकण जवळजवळ निकामी. त्याला दुसऱ्या जातीचे पराग लागतात आणि ते स्वतः कुणाला देऊ शकत नाही. मी शेजारी डिस्कव्हरी ही दुसरी सफरचंदाची जात लावली, ब्रॅम्लीला फळं धरली पण डिस्कव्हरी बिचारं रिकामंच, कारण त्याला पराग देणार कोण? मग ग्रेनेडियर ही तिसरी जात आणली तेव्हा गाडी रुळावर आली. म्हणून तीन झाडं धरून चाला, आणि बाकीची दोन ब्रॅम्लीबरोबरच फुलणारी हवीत, मागेपुढे फुलली तर उपयोग शून्य. जागा नसेल तर आधी कुंपणापलीकडे बघा, शेजाऱ्यांकडे सफरचंद किंवा क्रॅब अॅपल (लहान फळांचं रानटी सफरचंद) असेल तर तुमचं काम झालंच.

नवी झाडं फुलायला वेळ लागतो, तोवर दुसऱ्या जातीच्या नुकत्याच उमललेल्या फांद्या कापून पाण्याच्या बादलीत घालून झाडाखाली ठेवा. मी दोन वसंत हेच केलंय.

पाकळ्या गळल्या की देठ बघा. पिवळा पडून बोट लावताच गळला तर फळ धरलं नाही, देठ हिरवा राहून वरची गाठ फुगली तर धरलं. फुलोऱ्यात रात्री थंडीचा कडाका पडणार असेल तर झाडावर फ्लीस (थंडीपासून वाचवणारं हलकं कापड) टाका पण सकाळी काढायला विसरू नका, मधमाश्या आत कशा जाणार?

छाटणीत सगळे शेंडे सरसकट उडवू नका, ब्रॅम्ली बरीचशी फळं फांदीच्या टोकाला धरतं.

ऑक्टोबरमध्ये फळ तळहातावर घेऊन हलकं वर पिरगळा, सुटून आलं तर तयार. सोला, फोडी करा, दोन चमचे पाण्यात मंद आचेवर ठेवा, थोड्याच वेळात फोडी फुलून मऊ लगदा होतो आणि आंबटपणा शिजूनही टिकतो, साखर तेव्हाच चाखून घाला. उरलेली फळं एकेक कागदात गुंडाळून थंड जागी ठेवा, फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुरतात, पण डाग लागलेलं एकही आत जाऊ देऊ नका, ते आधी शिजवा.