सावरडो करताना (आणि विकताना) या चुका टाळा

सावरडो म्हणजे विकतचं यीस्ट न घालता, पीठ-पाणी आपोआप आंबवून केलेल्या 'स्टार्टर'वर फुगवलेला पाव. दर उन्हाळ्यात मला तोच फोटो येतो. काचेच्या बरणीत वर आलेलं पीठ आणि खाली मेसेज: "ताई, दोन दिवसांत स्टार्टर तयार!" तयार झालेला नसतो. ते पहिले बुडबुडे यीस्टचे (पाव फुगवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे) नसून बहुतेक पिठातल्या इतर जिवाणूंचे असतात. पीठ आंबट होऊ लागलं की ते दबतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी गप्प होते. नेमका इथे धीर सुटतो.

माझ्याकडे शिकणाऱ्या एकीने अशा गप्प बरणीत चिमूटभर इन्स्टंट यीस्ट टाकलं. दोन तासांत पीठ झाकणाला टेकलं. तिने त्याचे लोफ भाजून सोसायटीत 'अस्सल सावरडो' म्हणून चार घरी विकले. मी एक कापून पाहिला: कापसासारखा मऊ, आंबटपणाचा मागमूस नाही. मी तिला चारही घरी पैसे परत द्यायला लावले. यीस्टचा पाव वाईट नसतो, पण सावरडोच्या नावाने त्याचे पैसे घेणं ही फसवणूक आहे.

माझी पद्धत साधी आहे. रोज निम्मं काढून टाकायचं, तितकीच कणीक आणि पाणी घालायचं, पीठ किती वर आलं ते कळावं म्हणून बरणीला रबरबँड लावून ठेवायचं. सलग तीन दिवस पाच-सहा तासांत दुप्पट झालं, तरच पाव करायचा. दहा दिवस लागले तर लागू देत.

मे महिन्यात मळलेलं पीठ रात्रभर ओट्यावर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा. मीठ पिठाच्या दोन टक्के, अंदाजाने नाही. गरम लोफ कापू नका.

विकत घेताना पाकीट उलटं करून बघा. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पुढे ठळक 'सावरडो' आणि मागे यीस्ट, साखर, २६० हा क्रमांक म्हणजे ॲसेटिक आम्ल असेल, तर आंबटपणा बाहेरून घातलाय. फ्रान्सच्या १९९३ च्या आदेशात 'पँ ओ लव्हँ' (फ्रेंचमध्ये सावरडो पाव) म्हणायला पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) जास्तीत जास्त ४.३ आणि पावात किमान ९०० पीपीएम (दहा लाख भागांत ९०० भाग) ॲसेटिक आम्ल लागतं, तेही आंबण्यातूनच आलेलं. शेवटच्या मळणीत यीस्ट चालतं, पण पिठाच्या ०.२ टक्क्यांपर्यंतच.

ती मुलगी आता प्रत्येक लोफवर चिठ्ठी लावते: 'मैदा, कणीक, पाणी, मीठ. आंबवणूक १८ तास.' घाईची ऑर्डर असेल त्या दिवशी चिठ्ठीवर 'यीस्टचा पाव' असं लिहिलेलं असतं.